टर्बो गाडीला ट्यूनिंग बॉक्स लावताय? आधी पेट्रोलचा हिशोब समजून घ्या

बॉक्स लावला की गाडी पळते एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण टर्बोने जास्तीची हवा कोंबली तर तिला पुरेल एवढं जास्तीचं पेट्रोल नक्की कोण टाकतं असं विचारलं की नवीन माणूस म्हणतो "बॉक्सच टाकत असेल ना". नाही टाकत. बहुतेक प्लग-इन बॉक्सचा इंजेक्टरशी काडीचाही संबंध नसतो. बॉक्स फक्त सेन्सर आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर यांच्या मधे बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो, मग ईसीयू त्या खोट्यावर विश्वास ठेवून जे काही करतो आणि नंतर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून खरं कळल्यावर जी सारवासारव करतो, त्यातून पेट्रोल वाढतं. ही सारवासारव किती चाललीये यावर नजर ठेवणं हेच बॉक्स लावणाऱ्याचं खरं काम आहे, हॉर्सपॉवरचा आकडा नंतर बघू.

आधी थोडं गणित, घाबरू नका, एकदाच आहे. पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, वजनाने. या प्रमाणाला लॅम्बडा १ म्हणतात. लॅम्बडा १ च्या वर गेलं की मिश्रण लीन म्हणजे पेट्रोल कमी, खाली गेलं की रिच म्हणजे पेट्रोल जास्त. आरामात चालवताना गाडी लॅम्बडा १ वरच राहते कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला भाग, थोडक्यात कॅट) तेच हवं असतं, पण फुल थ्रॉटलला (पाय पूर्ण दाबून) टर्बो इंजिन साधारण ०.८ ते ०.९ च्या मधे कुठेतरी चालवतात, कारण जास्तीच्या पेट्रोलने चेंबर थोडा थंड राहतो आणि नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटणं) दाबून ठेवता येतं.

आता बॉक्स काय करतो ते बघा. समजा मॅनिफोल्डमधे (इंजिनात हवा नेणारी नळी) खरं प्रेशर २.० बार आहे, ऍब्सोल्यूट, म्हणजे बाहेरच्या हवेचा १ बार सोडला तर टर्बोचा बूस्ट १ बार. हे प्रेशर मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा सिग्नल बॉक्स खाली खेचतो आणि ईसीयूला सांगतो १.८. ईसीयूचं टार्गेटसुद्धा १.८ च आहे, त्यामुळे तो खूश, वेस्टगेट (टर्बोचा बूस्ट ठरवणारी झडप) तसाच धरून ठेवतो, आणि तुम्हाला फुकटात ०.२ बार जास्त बूस्ट मिळतो. पण हाच ईसीयू पेट्रोलसुद्धा त्याच १.८ वरून मोजतो! हवा २.० ची आलीये आणि पेट्रोल १.८ च्या हिशोबाने पडतंय, म्हणजे २.० भागिले १.८, साधारण ११ टक्के पेट्रोल आणखी हवं होतं. ईसीयूला ०.८५ लॅम्बडा हवा होता आणि प्रत्यक्षात झाला ०.९४ च्या आसपास. फुल बूस्टला हे अजिबात चांगलं नाही.

मग गाड्या लगेच का फुटत नाहीत? कारण आजच्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमधे सोडणाऱ्या) टर्बो गाड्यांत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर असतो, तो फुल थ्रॉटललासुद्धा खरा लॅम्बडा मोजत असतो, आणि ईसीयू ते वाचून लगेच पेट्रोल वाढवतो. ही जी वाढ ती शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम. वरच्या उदाहरणात ती +११ टक्के दिसेल. हेच बराच वेळ होत राहिलं की ईसीयू ते लक्षात ठेवतो, ते लाँग टर्म ट्रिम. म्हणजे बॉक्सने केलेला घोटाळा ऑक्सिजन सेन्सर निस्तरतो, आणि बॉक्स बनवणारा त्याच भरवशावर धंदा करतो :) यात वाईट काही नाही, फक्त निस्तरायलाही एक मर्यादा असते हे विसरायचं नाही.

जुन्या, नॅरोबँड सेन्सरवाल्या गाडीची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. नॅरोबँड साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमधे उड्या मारतो आणि ०.४५ च्या आसपास पलटतो, त्याला फक्त लीन की रिच एवढंच कळतं, किती ते कळत नाही. अशा गाड्या फुल थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाहीत, थेट टेबलमधला आकडा घेऊन पेट्रोल टाकतात. म्हणजे तिथे निस्तरायला कोणी नाही. अशा गाडीला नुसता बूस्ट वाढवणारा स्वस्त बॉक्स लावायचा म्हणजे शुद्ध जुगार आहे, ज्यात वेगळी फ्युएल सेटिंग आहे असाच घ्या किंवा सरळ ईसीयू रीमॅप करून घ्या (आतलं सॉफ्टवेअरच बदलून). ॲपेक्सी कंपनीचा सुपर एएफसी नावाचा बॉक्स याच काळातला, तो हवेच्या सेन्सरचा सिग्नल आरपीएमनुसार वरखाली करून पेट्रोल कमीजास्त करायचा, पण त्यात एक गोम होती की हवा कमी दाखवली की ईसीयू टायमिंगसुद्धा (ठिणगी कधी टाकायची ते) हलक्या लोडचं धरायचा, म्हणजे जास्त ॲडव्हान्स, ठिणगी जास्त लवकर. ही गोम आजच्या बॉक्समधेही तशीच आहे, खाली सांगतो.

सुरुवात कुठून करायची

बॉक्स ऑर्डर करायच्या आधी आपल्या गाडीत काय आहे ते शोधा. इंजेक्शन डायरेक्ट आहे की पोर्ट (सिलिंडरच्या आधी, इनटेकमधे), पुढचा ऑक्सिजन सेन्सर वाइडबँड आहे का, हवा मोजायला एमएएफ (आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर) आहे की फक्त मॅप, बूस्ट सेन्सर एक आहे की दोन (बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलच्या आधी एक आणि मॅनिफोल्डमधे एक असतो). दोन असतील आणि बॉक्स एकाच सेन्सरला खोटं बोलायला लावत असेल तर ईसीयूला दोघांच्या जबानीत फरक दिसतो आणि चेक इंजिन लाइट पेटते. म्हणून चांगल्या बॉक्सच्या हार्नेसला (वायरच्या जुडग्याला) दोन कनेक्टर असतात. नवीन गाड्यांमधे आणखी एक भानगड आहे, सेन्सर व्होल्टेज न पाठवता सेंट नावाच्या डिजिटल पद्धतीने आकडे पाठवतात, त्यामुळे जुन्या मॉडेलचा बॉक्स कनेक्टर बसतोय म्हणून लावू नका, कनेक्टर बसणं आणि चालणं वेगळं.

बॉक्स तीन दर्जाचे असतात असं धरा. सगळ्यात साधा तो फक्त बूस्ट सिग्नल ठराविक प्रमाणात खाली खेचतो, बस. दुसरा तो बूस्टबरोबर रेल प्रेशरच्या सेन्सरमधेही हात घालतो. तिसरा, जेबी४ सारखा, ओबीडीमार्गे (स्कॅनर लावायचं सॉकेट) गाडीच्या कॅन बसवरचे (गाडीतले कॉम्प्युटर जोडणाऱ्या वायरवरचे) आकडे वाचतो, लॅम्बडा बघतो, ट्रिम बघतो, टायमिंग बघतो आणि काही चुकलं की स्वतःच बूस्ट खाली घेतो. माझं मत विचाराल तर पेट्रोल टर्बोला तिसऱ्याशिवाय जाऊच नका, कारण पहिल्या दोघांना आपण काय करतोय याचा परिणाम दिसतच नाही, आंधळेपणाने एकच गोष्ट करत राहतात.

दुसऱ्या प्रकारात जे रेल प्रेशरचं आहे ते जरा नीट समजून घ्या, कारण मला तरी या सगळ्यात तीच सगळ्यात हुशार युक्ती वाटते. डायरेक्ट इंजेक्शनमधे पेट्रोल एका रेलमधे हाय प्रेशरने भरलेलं असतं, २०० बारच्या घरात, काही नव्या इंजिनांत ३५० बार. ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे त्या प्रेशरवरून ठरवतो. बॉक्सने रेल प्रेशर जरा कमी दाखवलं तर ईसीयू पंपाला सांगतो वाढव, खरं प्रेशर वर जातं, आणि इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहूनही जास्त पेट्रोल फेकतो. म्हणजे बूस्टवालं खोटं गाडीला लीन करतं आणि रेलवालं खोटं रिच करतं, दोन्ही एकमेकांना कापतात, आणि ऑक्सिजन सेन्सरला निस्तरायला फारसं काही उरत नाही. ट्रिम शून्याच्या जवळ राहतात. बॉक्स चांगला सेट केलाय की नाही ओळखायची हीच खूण.

फक्त एक लक्षात घ्या, प्रेशर आणि पेट्रोल सरळ प्रमाणात वाढत नाही. वर्गमुळाचा हिशोब आहे. प्रेशर १० टक्के वाढवलं तर पेट्रोल जेमतेम ५ टक्के वाढतं. त्यामुळे बूस्टमुळे ११ टक्के कमी पडलेलं पेट्रोल नुसत्या रेल प्रेशरने भरायचं म्हटलं तर प्रेशर २३ टक्के वर न्यावं लागेल, आणि तेवढं पंपाला झेपेलच असं नाही. म्हणून थोडं रेलने, थोडं ट्रिमने, असं वाटून घेतात.

बॉक्स लावायच्या आधीची तपासणी

हे लोक हमखास टाळतात. बॉक्स आला की त्याच संध्याकाळी बॉनेट उघडून बसतात. असं करू नका, आधी गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशी) असताना एक साधा स्कॅनर लावून ट्रिम बघा, गरम इंजिन, आयडलवर आणि मग ६०-८० च्या स्पीडला आरामात. दोन्ही ट्रिमची बेरीज शून्याच्या पाचेक टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. स्टॉकलाच +१० दिसत असेल तर कुठेतरी गडबड आहे: इनटेक पाइप फाटलाय, क्लॅम्प सैल आहे, इंजेक्टर तुंबलाय, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक आहे (तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं लीन आहे आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत बसतो). हे आधी दुरुस्त करा. ईसीयूला ट्रिमची जी मुभा असते ती बऱ्याच गाड्यांत साधारण २५ टक्क्यांच्या आसपास असते, त्यातले १० गाडीच्या आजारपणातच गेले तर बॉक्ससाठी उरलं काय?

आयडलला ट्रिम जास्त आणि स्पीडला नॉर्मल असेल तर हवेचा लीक समजायचा, कारण आयडलला हवा कमी असते त्यामुळे छोट्या भोकातून येणारी हवाही मोठा वाटा होते. उलट आयडलला नॉर्मल आणि लोडवर जास्त, तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. एवढं एक कळलं तरी निम्मं निदान घरी होतं.

स्पार्क प्लग बघा, जुने असतील तर बदला. बूस्ट वाढला की ठिणगीला जास्त दाबाच्या हवेतून उडी मारावी लागते आणि गॅप मोठा असेल तर मिसफायर होतो, म्हणून बरेच जण गॅप ०.६ मिमीच्या आसपास आणतात आणि एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घालतात. तुमच्या इंजिनला काय लागतं ते बॉक्सच्या मॅन्युअलमधे असतं, तेच पाळा. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधे जातो, सेन्सर त्याला लीन समजतो, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो आणि ते सगळं जाऊन कॅटमधे जळतं. एका खराब प्लगपायी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असं व्हायला नको.

आणि स्टॉकचा एक लॉग काढून ठेवा. नंतर तुलना कशाशी करणार नाहीतर.

लावताना

गाडी बंद, चावी लांब, बॉनेट उघडून १०-१५ मिनिटं थांबा म्हणजे ईसीयू झोपतो. इंजिन गार असू द्या. कनेक्टर काढताना आधी लॉकची छोटी पट्टी मागे ओढायची आणि मग दाबायचं, वायर धरून खेचायचं नाही, जुन्या गाडीत ते प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. सेन्सरमधून निघालेला कनेक्टर बॉक्सच्या हार्नेसमधे आणि हार्नेसचं दुसरं टोक सेन्सरवर, टिक असा आवाज आलाच पाहिजे, अर्धवट बसलेला कनेक्टर म्हणजे पुढच्या आठवड्यात खड्ड्यात गाडी आदळली की चेक इंजिन लाइट. रेल प्रेशरचा सेन्सर असेल तर फक्त वरचा वायरचा कनेक्टर काढायचा, सेन्सर स्वतः किंवा पेट्रोलची कुठलीही नळी अजिबात सैल करायची नाही, आत शेकडो बार प्रेशर असतं. वायर टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, झिप टायने बांधून, बॉक्स जमेल तितका थंड जागी.

सुरू केल्यावर आयडल आधीसारखंच वाटलं पाहिजे. बॉक्स आयडलला आणि हलक्या थ्रॉटलला काहीच करत नसतो, करत असेल तर तो बॉक्स नको. सगळ्यात खालची सेटिंग ठेवा, काही बॉक्समधे ० नंबरची सेटिंग म्हणजे पूर्ण स्टॉक असते, त्यावर एक दिवस चालवून एररचा कोड येत नाही ना ते बघा.

लॉग आणि तो वाचायचा कसा

लॉग म्हणजे गाडी जोरात ओढताना सेन्सरचे आकडे रेकॉर्ड करणं. हे रहदारीत करायचं काम नाही, डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायचं यंत्र) किंवा बंद ट्रॅकवर. तिसरा किंवा चौथा गिअर, साधारण २५०० आरपीएमपासून फुल थ्रॉटल आणि रेडलाइनपर्यंत, एकच पुल (अशी एक सलग ओढ), मग थंड होऊ द्या. त्याहून खालच्या आरपीएमवरून मोठ्या गिअरमधे पाय दाबू नका, डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमधे कमी आरपीएम आणि जास्त लोड या जोडीतच एलएसपीआय होतं, म्हणजे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि त्यात पिस्टन फुटतात.

रेकॉर्ड काय करायचं: आरपीएम, थ्रॉटल, बूस्ट, लॅम्बडा टार्गेट आणि खरा, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम, रेल प्रेशर टार्गेट आणि खरं, टायमिंग आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग करेक्शन, इनटेक टेंपरेचर.

इथे नवीन लोक हमखास फसतात. साधा ओबीडी स्कॅनर तुम्हाला ईसीयूला जे दिसतं तेच दाखवतो. आणि ईसीयूला तर बॉक्सने खोटं सांगितलंय! म्हणजे बॉक्स लावूनही स्कॅनरवर बूस्ट स्टॉकएवढाच दिसणार, आणि माणूस म्हणणार "बॉक्स चालत नाही राव". रेल प्रेशरचंही तेच, खरं २०० असेल आणि स्क्रीनवर १८० दिसत असेल. खरा आकडा हवा असेल तर बॉक्सचं स्वतःचं लॉगिंग वापरा, त्याला सेन्सरचा मूळ सिग्नल दिसत असतो, किंवा वेगळा बूस्ट गेज लावा. लॅम्बडा आणि ट्रिम मात्र सहसा खरे असतात, कारण बहुतेक बॉक्स ऑक्सिजन सेन्सरला हात लावत नाहीत. जे लावतात (सेन्सरचा सिग्नल थोडा सरकवून ईसीयूकडून जास्त पेट्रोल काढून घेतात) त्यांच्यात तोही आकडा सरकलेला असतो, मॅन्युअलमधे बघून घ्या.

आता एक नमुना बघू, आकडे समजावण्यापुरते आहेत. ३००० आरपीएमला ट्रिम +९, लॅम्बडा ०.८८, रेल प्रेशर टार्गेटवर. ४५०० ला ट्रिम +१३, लॅम्बडा ०.८५, रेल ठीक. ५५०० ला ट्रिम +२०, रेल प्रेशर टार्गेट २०० आणि खरं १७५. ६२०० ला ट्रिम +२५ वर चिकटली, रेल १५०, लॅम्बडा ०.९३. यात काय झालं? खालून वरपर्यंत ट्रिम चढतेय, आणि ५५०० च्या पुढे हाय प्रेशर पंप दमला. पंप कॅमशाफ्टवर चालतो, एका फेरीत ठराविकच पेट्रोल ढकलू शकतो. प्रेशर पडलं, ईसीयूने इंजेक्टर जास्त वेळ उघडून बघितलं, ट्रिम संपली, आणि शेवटी लॅम्बडा हातातून सुटला. यावर उपाय सेटिंगमधे पेट्रोल वाढवणं हा नाही! पेट्रोल आहेच कुठे वाढवायला. वरच्या आरपीएमला बूस्ट कमी करायचा, किंवा पंप मोठा टाकायचा. पी००८७ हा कोड आला तर तो हाच, रेलमधे प्रेशर कमी. बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनवाल्या गाड्या तर स्टॉक असतानाच याच हाय प्रेशर पंपासाठी अमेरिकेत २०१० मधे रिकॉल झाल्या होत्या, तेव्हा ट्यून केलेल्या गाडीत पंपाकडे सगळ्यात आधी बघायचं.

याउलट रेल प्रेशर टार्गेटवर घट्ट आहे, लॅम्बडाही जागेवर आहे, फक्त ट्रिम +२० आहे, तर पंप निरोगी आहे, फक्त बॉक्स पेट्रोलच्या बाजूने कमी मदत करतोय. इथे बॉक्सची फ्युएल सेटिंग, काहींमधे फ्युएल बायस म्हणतात, ती थोडी वाढवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, छोट्या पायरीने, पुन्हा लॉग. बूस्ट आणि फ्युएल दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि प्रत्येक वेळी कोड क्लियर करत बसू नका, त्याने लाँग टर्म ट्रिम पुसली जाते आणि ईसीयू शिकलेलं विसरतो, बदल केल्यावर थोडी साधी गाडी चालवून मगच लॉग घ्या.

ट्रिम किती चालेल? माझा हिशोब असा: फुल बूस्टला दोन्ही मिळून +१५ च्या आत असेल तर निवांत, १५ ते २० मधे असेल तर लक्ष ठेवा कारण थंडीत हवा दाट होते आणि हाच आकडा वर सरकतो, २० च्या पुढे बूस्ट कमी करा. उलट ट्रिम -१० किंवा त्याखाली जात असेल तर बॉक्स रेलमधून जास्त पेट्रोल कोंबतोय आणि ईसीयू ते काढून घेतोय, फ्युएल सेटिंग खाली आणा. लीनचा कोड पी०१७१, रिचचा पी०१७२, व्ही६ किंवा दोन बँकवाल्या (सिलिंडरच्या दोन रांगा असलेल्या) इंजिनात दुसऱ्या बँकेचा लीन पी०१७४.

टायमिंगचं काय

पेट्रोलचा विषय टायमिंगशिवाय पूर्ण होत नाही. ईसीयूला वाटतंय लोड १.८ चा आहे, म्हणून तो टायमिंगही १.८ चं देतो, जे २.० साठी जास्तच ॲडव्हान्स असतं. मग नॉक सेन्सर ऐकतो आणि टायमिंग मागे घेतो. एखाद्या सिलिंडरला एखादवेळी एक-दोन डिग्री मागे घेतली तर ठीक, पण सगळ्या सिलिंडरना दर पुलला तीन-चार डिग्री मागे जात असेल तर इंधनाचा ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची ताकद) त्या बूस्टला पुरत नाही, सेटिंग खाली आणा. एकाच सिलिंडरचं करेक्शन कायम इतरांपेक्षा जास्त दिसत असेल तर त्याचा इंजेक्टर किंवा प्लग बघा, कारण लॅम्बडा सेन्सर सगळ्या सिलिंडरची सरासरी दाखवतो, पाच रिच आणि एक लीन असला तरी आकडा छान दिसतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. बऱ्याच ईसीयूमधे एक्झॉस्ट किती तापलाय याचा अंदाज लोडवरून काढलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो. तापमान हद्दीबाहेर जातंय असं वाटलं की ईसीयू स्वतःहून पेट्रोल वाढवून टर्बो आणि कॅट थंड ठेवतो. पण लोडच खोटा दिला असेल तर तो अंदाजही कमी येतो आणि पेट्रोल उशिरा वाढतं. एकदोन पुलला काही फरक पडत नाही, पण लांब चढावर किंवा ट्रॅकवर सलग पंधरा मिनिटं ताणली तर पडतो. तेव्हा असं चालवायचं असेल तर बॉक्स खालच्या सेटिंगला ठेवा.

इथेनॉल मिसळणारे

इथेनॉलला ऑक्टेन जास्त आणि ते चेंबर थंडही करतं, म्हणून लोकांना मोह होतो. पण इथेनॉलला हवेच्या साधारण ९ भागांनाच १ भाग लागतो, म्हणजे टाकीत ३० टक्के इथेनॉल असेल तर त्याच हवेला साधारण १०-१२ टक्के जास्त इंधन लागणार. आता वरची ११ टक्क्यांची ट्रिम आठवा, त्यावर हे ११, गुणाकार केला तर २३ टक्के. म्हणजे मुभा जवळजवळ संपली, आणि पंपावरचा भारही तेवढाच वाढला. म्हणून थोडं थोडं मिसळा, दर वेळी लॉग, आणि तुमच्या पंपावरच्या पेट्रोलमधे आधीच किती टक्के इथेनॉल आहे तेही हिशोबात धरा. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) पूर्ण टाकीभर घालायचं असेल तर स्टॉक पंपावर बॉक्सच्या जोरावर ते होत नाही, त्याला जास्तीचे पोर्ट इंजेक्टर किंवा मोठे पंप लागतात, तो वेगळाच विषय.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेलमधे सगळं उलटं आहे. तिथे पॉवर इंधनावर ठरते, हवा कायम जास्तच असते. बॉक्स सहसा फक्त कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरला लागतो. त्या सेन्सरला तीन वायर, ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल, सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट. बॉक्स सिग्नल १० टक्के कमी करतो, ईसीयूला १८०० बार हवं असतं, तो त्याला १८०० दिसेपर्यंत वाढवत नेतो आणि खरं होतं २०००. डिझेल साधारण ५ टक्के वाढतं, पिकअप लगेच जाणवतो. पण इथे ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलसारखा दर क्षणी निस्तरत बसत नाही, आणि बूस्ट आपोआप वाढेलच असं नाही, त्यामुळे सेटिंग जास्त वर नेली की काळा धूर. धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी, ती डीपीएफमधे (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) जाऊन साचते आणि रिजनरेशन (फिल्टर तापवून काजळी जाळणं) वारंवार व्हायला लागतं. दोन रिजनरेशनमधलं अंतर आधीपेक्षा बरंच कमी झालं तर बॉक्स खाली आणा, हा धुरापेक्षाही भरवशाचा इशारा आहे. आणि रेलला प्रेशर रिलीफ व्हॉल्व असेल तर तो ठराविक प्रेशरला उघडतो, उघडला की गाडी लिंप मोडमधे, म्हणजे पॉवर कापून जेमतेम चालणारी. फार स्वस्त बॉक्समधे नुसता एक रेझिस्टर असतो जो आयडललासुद्धा खोटं बोलतो, गाडी खडखडायला लागते, असला प्रकार गाडीला लावू नका.

वॉरंटीबद्दल दर वेळी कोणीतरी विचारतंच. बॉक्स काढला की ईसीयूचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं असतं हे खरं, पण ट्रिम, नॉक, कोड, रेल प्रेशर कमी झाल्याची नोंद असं बरंच काही ईसीयूमधे साठलेलं असू शकतं आणि ते वाचता येतं. त्यामुळे "काढला की कळत नाही" असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, आणि उत्सर्जनाचे नियम तुमच्या भागात काय आहेत तेही आधी बघा, काही ठिकाणी असा बॉक्स रस्त्यावर चालत नाही.

सर्व्हिसला जाताना बॉक्स काढून मूळ कनेक्टर परत जोडले तर नंतर शंभरेक किलोमीटर तरी साधं चालवा, कारण लाँग टर्म ट्रिम अजून बॉक्सच्या हिशोबाची असते आणि सुरुवातीला गाडी थोडी रिच चालते, ऍव्हरेज कमी दाखवते, एवढ्यावरून सर्व्हिसवाल्याशी भांडू नका.

लॉग वाचून घ्यायचा असेल तर गाडीचं मॉडेल, इंजिन कोड, बॉक्स आणि सेटिंग, टाकीत काय आहे आणि बाहेरचं तापमान एवढं लिहून लॉग टाका, नुसता स्क्रीनचा फोटो टाकून "ठीक आहे का" विचारलं तर कोणालाच काही सांगता येत नाही.